पोपचे अचूकत्व आणि आमचे हसणे

रोमचा पोप कधी चुकत नाही, या सिद्धांतावर हसणे आमच्या नांदेड-लातूरकडील सुशिक्षित मंडळींस फार आवडते. पोप बोलेल ते ब्रह्मवाक्य, एवढाच त्या सिद्धांताचा अर्थ, अशी त्यांची समजूत. वस्तुस्थिती तशी नाही. १८ जुलै १८७० रोजी व्हॅटिकनच्या धर्मसभेने ५३३ विरुद्ध २ मतांनी जो ठराव केला, त्यास अटींचे कुंपण आहे. पोपने सकल ख्रिस्तमंडळाचा गुरू या अधिकाराने, श्रद्धा किंवा नीती याच विषयात, सर्वांवर बंधनकारक म्हणून दिलेला निर्णय तेवढा अचूक. त्यानंतर या अधिकाराचा निर्विवाद उपयोग एकदाच, १९५० साली, मेरीच्या सदेह स्वर्गारोहणाविषयी झाला.

म्हणून तो सिद्धांत आम्हांस मान्य आहे असे मात्र नव्हे. ५३३ मतांचे ते ऐक्यही दिसते तितके निर्भेळ नव्हते. पाचच दिवस आधी ८८ धर्माध्यक्षांनी स्पष्ट नकार दिला होता, आणि त्यांतील बरेच जण अखेरच्या मतदानापूर्वी रोम सोडून गेले. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने सभा पोपहून श्रेष्ठ असे ठरविले व पोपपदासाठी भांडणाऱ्या तिघांस बाजूस सारले. १८७० च्या सभेने ती सत्ता आपल्याच हातांनी सोडून दिली. पोप होनोरियस यास तर ६८१ साली धर्मसभेनेच मरणोत्तर पाखंडी ठरविले होते! डॉलिंगर या जर्मन पंडिताने असा इतिहास पुढे मांडला. त्याचे बक्षीस त्यास १८७१ साली बहिष्काराच्या रूपाने मिळाले. तरीही तेथे निदान वाद झाला, मते मोजली गेली.

आमच्या महाराजांस कोणत्या सभेने अचूक ठरविले? मुलीचे लग्न, शेताची वाटणी, रोग्यास दवाखान्यात न्यावे की अंगारा लावावा, सर्वत्र त्यांचाच शब्द अखेरचा. आणि हे कोठे? तर ज्या नांदेडास, शीख परंपरेप्रमाणे, १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथास गुरुपद दिले, तेथे. ग्रंथाचा अर्थही माणसेच लावतात, हा आक्षेप आम्ही जाणतो. परंतु ग्रंथ सर्वांपुढे उघडा असतो. ‘हे कोठे लिहिले आहे?’ असे अर्थ लावणाऱ्यास विचारता येते. महाराजांविषयी हाच प्रश्न घरात जी व्यक्ती विचारते ती अश्रद्ध ठरते, आणि बहुधा ती घरची सून असते.