वाऱ्याकडे पाठ

"प्रश्नपत्रिका तर सर्वांना एकच असते ना, मास्तर?" असे मला नेहमी ऐकवले जाते. मान्य! पण हवा?

वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' २०२४ साली ५ मे रोजी झाली, दुपारी दोन ते पाच वीस. त्या दिवसांत आमच्याकडे पत्रे कसे तापतात, ते चिमण्यांना विचारा. एकाचा मुलगा लातूरच्या वातानुकूलित शिकवणीत तयारी करतो. माझा विद्यार्थी नांदेडला पत्र्याच्या खोलीत, वीज गेली की ज्या वहीने वारा घेतो त्याच वहीतले जीवशास्त्र घोकतो. निकालानंतर पहिल्याची गावभर हवा. दुसऱ्याला उपदेश, 'कष्ट कमी पडले!'

खळ्यात उफणताना वाऱ्याकडे पाठ असलेल्याच्या डोळ्यांत भूस जात नाही. तेवढ्याने तो अधिक शहाणा ठरला काय? 'लातूर पॅटर्न'चे मला वावडे नाही. तिथल्या शिक्षकांची मेहनत खरीच. पण फी, भाडे आणि थंडावा वजा जाता उरते ती गुणवत्ता किती, हा हिशेब कोणी मांडतो का?

गेल्या उन्हाळ्यात मुलांच्या अभ्यासासाठी मी शाळेतली पंख्याची एक खोली मागितली. उत्तर मिळाले, "सुटीत पंखा कुणासाठी?"