आधी वही उघडा

ऑस्ट्रेलियातील मरे गोलबर्न ही १९५० साली शेतकऱ्यांनी उभारलेली दूध सहकारी संस्था. एप्रिल २०१६ मध्ये, हंगाम संपत आला असताना, तिने अचानक दर पाडला आणि आधी दिलेली जादा रक्कम पुढच्या दुधातून कापायचे ठरवले. अनेक सभासदांनी दूध दुसऱ्या कंपन्यांना घालायला सुरुवात केली. वर्षभराने वसुली सोडली, पण गेलेला विश्वास परतला नाही. २०१८ मध्ये सभासदांनीच संस्था कॅनडाच्या सापुटो कंपनीला विकण्यास मंजुरी दिली.

शिरकतीत नुकसान भांडवलाच्या प्रमाणात वाटून घ्यावे, हा फिकहचा नियम. ते सोसण्याची तयारी मात्र हिशेब वेळेवर कळला तरच होते. हिशेबही अमानतच आहे. भावाभावांच्या दुकानातही तोटा झाकू नका. मदत मागण्याआधी वही उघडा.