नागीण मंत्राने उतरत नाही

छातीवर किंवा कमरेवर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला, आग होऊ लागली, की खेड्यापाड्यांत आणि आमच्या वडसा (देसाईगंज) परिसरातही एकच बोलबाला होतो : नागीण निघाली! तोंड आणि शेपूट जुळले की माणूस गेला, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या पोसलेली. मग मांत्रिक गाठला जातो, गेरू फासला जातो, मंत्र पुटपुटले जातात. दोन-चार आठवड्यांत फोड सुकतात आणि मांत्रिकाचा जयजयकार होतो.

आमचा सवाल आहे, मांत्रिकाने उतरवले काय? नागीण हा साप नव्हे, हर्पिस कुळातला विषाणू आहे. लहानपणी ‘माता आली’ म्हणून घरातच काढलेल्या कांजिण्यांचाच हा विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, तो मात्र पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे दडून बसतो. वयाने किंवा आजाराने प्रतिकारशक्ती खचली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणूनच पट्टा बहुधा शरीराच्या एकाच बाजूला असतो. तोंड-शेपूट जुळत नाही ते मंत्राने नव्हे, शरीराच्या रचनेने! फोडही आपोआपच सुकतात.

मांत्रिक लुटतो तो वेळ. अॅसायक्लोव्हिरसारखे औषध पहिल्या 72 तासांत सुरू झाले तर सर्वाधिक गुण येतो. नेमके तेच तीन दिवस गेरूत जातात. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा जाण्याचा धोका असतो. काहींना फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने वेदना छळते. रोवणीला वाकणाऱ्या बाईने त्या दिवसांची मजुरी कुणाकडे मागायची?

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुत्रा, साप, विंचू चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले. या नागिणीचे नाव त्या कलमात नाही. पण केवळ कायद्याने भागणार नाही. गरीब माणूस मांत्रिकाकडे जातो, कारण मांत्रिक जवळ असतो आणि दवाखाना दूर. अॅसायक्लोव्हिर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मग ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळालेच पाहिजे. 72 तासांची गोष्ट आशाताईंनी घरोघर सांगावी. वडसा तर झाडीपट्टी नाटकांचे माहेर. पडदा उघडण्यापूर्वी दोन मिनिटे हेच सांगितले तर हजारो कानांवर पडेल.

बांधवांनो, फोड दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठा. भीतीवर पोट भरणाऱ्यांना आपले तीन दिवस देऊ नका!