शिवनेरी जागतिक वारसा झाला. त्याच्या कड्यांतील लेण्यांचे काय?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात जुन्नरचा शिवनेरी आहे. छत्रपती शिवरायांच्या जन्मस्थानाला मिळालेला हा मान सर्वांच्याच अभिमानाचा. आदल्या दिवशी आषाढ पौर्णिमा होती, म्हणजे ज्या दिवशी ही घोषणा झाली त्याच दिवशी वर्षावास सुरू झाला. आणि ज्या डोंगराला हा मान मिळाला त्याच्याच कड्यांत भिक्खूंच्या निवासासाठी कोरलेली लेणी आहेत.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी असे त्यांचे गट. एका गावाभोवती इतकी लेणी देशात क्वचितच कुठे सापडतील. तरीही मंचर, घोडेगाव, नारायणगावच्या किती बौद्ध तरुणांनी तुळजा लेण्यातले बारा खांबांचे गोलाकार चैत्यगृह पाहिले आहे? महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी इथला कार्यकर्ता घोषणा देतो, निधी जमवतो. ते आंदोलन न्याय्यच आहे. पण घरापासून तासाभरावर असलेल्या लेण्याबद्दल त्याला विचारले तर उत्तर ठरलेले असते : पुरातत्त्व खाते लक्ष देत नाही, सरकार दुजाभाव करते, लेणी बळकावली गेली.

या तक्रारींत तथ्य नाही असे नाही. पण त्या ऐकताना लेण्याद्रीचा इतिहास नीट आठवावा लागतो. तिथल्या सात क्रमांकाच्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपती आहे. ते मुळात २० खोल्यांचे भिक्खूनिवासाचे विहार. ते एका रात्रीत कोणी हिसकावले नाही. भिक्खूसंघ गेला, उपासकांचा आधार तुटला, विहार ओस पडले आणि मग त्या रिकाम्या जागेत दुसरी श्रद्धा आली. संघाला आधार देणारा समाज का उरला नाही, हा प्रश्न आपल्याला अधिक टोचायला हवा. आज तिथे दर्शनाला येणाऱ्या साध्या भाविकाशी पायऱ्यांवर वाद घालून त्याचे उत्तर मिळणार नाही.

हा आधार कसा होता, ते लेण्यांच्या भिंतींवरच धम्मलिपीत कोरलेले आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. शिवनेरीवर चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. नहपानाचा अमात्य अयम याने मानमोडीच्या डोंगरात पोढी आणि मंडप दिला. त्या लेखात ४६ वे वर्ष नोंदवले आहे. प्रत्येकाने आपले नाव सांगितले आणि नेमके काय दिले तेही सांगितले. राजाने करावे, कोणीतरी करावे, असा सूर तिथे नाही. एवढेच नव्हे, काही लेखांत शेतजमिनीचे उत्पन्न श्रेणींकडे सोपवल्याची नोंद आहे. लेणे एकदा कोरून भागत नाही, पुढची व्यवस्था लावावी लागते, हे त्या दात्यांना माहीत होते. आपल्या बहुतेक उपक्रमांना हीच गोष्ट जमत नाही. बुद्ध पौर्णिमेला सहल निघते, वंदना होते, फोटो काढले जातात आणि पुढचे वर्षभर कोणी फिरकत नाही.

काही चुका तर सहज टाळता येण्याजोग्या आहेत. चैत्यगृहात लावलेल्या मेणबत्त्या-अगरबत्त्यांची काजळी दगडावर बसते. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद कायद्यात आहे. भिंतीवर लिहिलेले नाव कोणाचे आणि घोषणा कोणती, हे कायदा विचारत नाही. दुसरी चूक अधिक घातक. शिवनेरीचे नाव आले की 'किल्ला मुळात आमचाच' असे संदेश मोबाईलवर फिरू लागतात. ना लेखाचा आधार, ना लेणे क्रमांक. अशा एका खोट्या संदेशामुळे दहा खऱ्या पुराव्यांवरचा विश्वास उडतो. शिवाय शिवरायांना मानणाऱ्या समाजाशी विनाकारण वैर येते ते वेगळेच. किल्ला आणि लेणी एकाच डोंगरात शतकानुशतके आहेत. भांडण आजचे आहे.

खरे काम शांतपणे करण्याचे आहे. जागतिक दर्जामुळे शिवनेरीवर गर्दी वाढेल, फलक लागतील, वाटा होतील. त्या फलकांवर लेण्यांचा उल्लेख असेल का, कड्यातल्या अवघड वाटांचे काय, पोढ्यांत साचणाऱ्या कचऱ्याचे काय, हे आत्ता विचारले नाही तर नंतर मोर्चा काढून उपयोग नाही. पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाला लेणे क्रमांक, तारीख आणि छायाचित्रासह लिहिलेले एक पत्र, उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, आणि त्याचा पाठपुरावा करणारा एक नावानिशी जबाबदार माणूस. समिती नको, माणूस हवा. समितीत काम कोणाचेच नसते, हा अनुभव या दोन्ही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांना नवा नसावा. धम्मलिपी वाचायला शिकलेले चार तरुण तयार झाले तर भाविक आणि पर्यटक दोघांनाही लेणी समजावून सांगता येतील.

वर्षावास संपताना पवारणा होते. तीन महिने एकत्र राहिलेला भिक्खू संघासमोर उकिडवा बसून, हात जोडून म्हणतो की माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा, मी सुधारेन. वयाने ज्येष्ठ असलेला भिक्खूही यातून सुटत नाही. जुन्नरच्या या विहारांत जिथे जिथे भिक्खूंनी वर्षावास केला, तिथे तिथे तो असाच संपला असणार. आपल्या संघटनांच्या वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो, सत्कार होतात; काय चुकले हे विचारणारा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेत नसतो. तो येत्या आश्विन पौर्णिमेला जुन्नर-आंबेगावच्या शाखांनी ठेवून पाहावा. सुरुवात अध्यक्षांपासून व्हावी.

१९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शासकीय शिवजयंती होते आणि तिची तयारी प्रशासन काही आठवडे आधी सुरू करते. लेण्यांच्या वाटा, स्वच्छता आणि माहितीफलक यांबाबतचे निवेदन जानेवारीतच तहसील कार्यालयात पोहोचायला हवे. त्यावर सही कोणाची असेल, तेवढे आत्ता ठरवा.