आधी शिंपी, मग लोहार

आयर्न मॅनचा धातू या आठवड्यात पुन्हा एकदा सापडला. दर वर्षा-दोन वर्षांनी तो सापडतो, फोनाफोनांतून फिरतो, आणि आता चिलखत अंगावर चढवायचं तेवढं बाकी आहे अशा थाटात लोक तो पुढे धाडतात. मूळ संशोधन २०१६ सालचं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात एमिलिया मोरोसान यांच्या गटाने टायटॅनियमचे तीन अणू आणि सोन्याचा एक, अशा प्रमाणातलं संयुग तपासलं. ते शुद्ध टायटॅनियमच्या जवळपास चौपट कठीण निघालं. हिऱ्याचा लेप दिलेल्या खलातही त्याची भुकटी होईना. संशोधकांच्या डोळ्यांसमोर होते कृत्रिम गुडघे आणि खुबे, म्हणजे शरीरात वर्षानुवर्षं घासले जाऊनही झिजू नयेत असे भाग. घासून न झिजणं हा एक गुण आणि दणका सोसणं हा दुसरा; लोक या दोहोंत घोळ करतात. वजनाचा हिशेब मात्र कुणीच मांडत नाही. अणू तीनास एक असले तरी सोन्याचा अणू भारी, त्यामुळे वजनात निम्म्याहून जास्त सोनंच. चाळीस किलोच्या चिलखतात तेवीस किलो सोनं, आणि घनता पोलादाहून अधिक. उडणाऱ्या माणसासाठी ही निवड करणाऱ्याने सल्ला बहुधा सराफाचा घेतला असावा.

‘अहो, कल्पित पात्र आहे, सोडून द्या,’ हा आक्षेप ठरलेला. पण सोडून द्यायचं तर त्या चित्रपटानेच आधी सोडायला हवं होतं. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये टोनी स्टार्क उंच जातो, चिलखतावर बर्फ धरतं, तो खाली कोसळू लागतो आणि त्यावर उपाय म्हणून उपग्रहात वापरलेला सोनं-टायटॅनियमचा मिश्रधातू निवडतो. म्हणजे अडचण मांडली, कारण दिलं, पर्याय निवडला. अभियांत्रिकीचा आव आणला की तपासणीही आलीच. (विमानाच्या पंखावर बर्फ धरू नये म्हणून पंखाची कड इंजिनातल्या गरम हवेने तापवतात किंवा तिच्यावरचं रबरी आवरण फुगवून बर्फ फोडतात. धातू बदलत बसत नाहीत.) माझी तक्रार चित्रपट अवास्तव असल्याची नाहीच. चिलखत कशाचं करायचं, हा प्रश्न सगळे बाहेरून विचारतात; मुळात तो आतून विचारायला हवा, ही तक्रार आहे.

आतून म्हणजे कसं, ते पाहा. स्टार्क पन्नास मीटरवरून जमिनीवर आदळतो, एक गुडघा टेकून थांबतो आणि मान वर करतो. चिलखताला ओरखडाही नाही, असं धरून चालू. आतल्या माणसाचं काय? पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, एवढ्यावर त्याला किती ‘जी’, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या किती पट जोर, सोसावे लागतील ते कळतं. आतल्या अस्तरात पाच सेंटिमीटर जागा दिली तर उत्तर येतं हजार. १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर-अधिकारी जॉन स्टॅप रॉकेटच्या घसरगाडीवर बसले, ताशी हजार किलोमीटरच्या वेगावरून दीड सेकंदाच्या आत थांबले आणि ४६ जी सोसून जिवंत राहिले. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. तोच आकडा कमाल धरला तरी पन्नास मीटरच्या पडण्यासाठी मीटरभराहून जाड अस्तर लागेल. धातू कोणताही घ्या, या भागाकारात तो कुठेच येत नाही. उलट जितका ताठ, तितका वाईट.

दुसरी गोष्ट उष्णतेची. चिलखताला ऊर्जा देणाऱ्या, स्टार्कच्या छातीतल्या भट्टीची क्षमता चित्रपटात सेकंदाला तीन गिगाज्यूल सांगितली आहे, म्हणजे तीन हजार मेगावॅट. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट होतात. यातला हजारावा हिस्सा वापरला आणि त्यातलं फक्त एक टक्का उष्णतेत वाया गेलं, तरी तीस किलोवॅट झाले: दोन किलोवॅटचे पंधरा गीझर, बंद डब्यात, बनियनला लागून. भट्टी खोटी म्हणून बाजूला ठेवली तरी माणूस स्वतःच श्रमाला लागला की काहीशे वॅट उष्णता टाकतो, आणि धातूच्या हवाबंद कवचात घाम वाळायला जागा नसते.

हे सगळं एकदा प्रत्यक्षात घडून गेलेलं आहे, आणि त्याची आठवण चिलखतवेड्यांना कधीच होत नाही याचं नवल वाटतं. १९६३ साली कॉमिकच्या पानांवर लोखंडी आयर्न मॅन अवतरला (तेव्हा त्याची सगळी जादू ट्रान्झिस्टरमध्ये होती), त्याच सुमारास अमेरिकेत चंद्रावर जाणाऱ्या माणसाचा पोशाख ठरत होता. ताठ कवचांचे नमुने बनत होते, दिसायला ते अगदी भविष्यातून आल्यासारखे. १९६५ च्या तुलनात्मक चाचणीत बाजी मारली ती डेलावेअरमधल्या डोव्हरच्या आयएलसीने. ही कंपनी प्लेटेक्स या नावाने बायकांच्या ब्रा आणि कमरपट्टे विकणाऱ्या उद्योगाची. अंगाला घट्ट बसूनही वाकू देणारं रबर कसं ओतायचं, हे तिला ठाऊक होतं, आणि चंद्रावरच्या पोशाखाची अडचण नेमकी तीच होती. हवा भरलेला पोशाख पोकळीत टणक फुगतो. मार्च १९६५ मध्ये अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर गेले, तेव्हा पोशाख इतका फुगला की आत शिरण्यासाठी त्यांना त्यातली हवा सोडावी लागली. आयएलसीने कोपर, गुडघा, खांदा इथे घड्या पाडलेलं रबर वापरलं. सांधा वाकला तरी आतल्या हवेची जागा फारशी कमी होत नाही, त्यामुळे तो परत ताठ उसळत नाही. एकूण एकवीस थर, त्यांत मायलर, कॅप्टॉन, आणि जानेवारी १९६७ मध्ये अपोलो-१ च्या आगीत तिघे अंतराळवीर गेल्यानंतर सगळ्यात बाहेर टेफ्लॉन चढवलेलं काचतंतूंचं कापड. हे सगळं शिलाई मशीनवर शिवलं गेलं. टाका मिलिमीटरभरही हुकलेला चालत नसे. विसरलेल्या टाचणीसाठी पोशाखाचा एक्स-रे काढत. आणि उष्णता? जून १९६६ मध्ये जेमिनी-९ मधून बाहेर पडलेल्या यूजीन सर्ननच्या शिरस्त्राणाची काच त्याच्याच वाफेने धुरकटली, कारण नुसती हवा खेळवून अंग थंड राहीना. म्हणून अपोलोत अंगालगतच्या कपड्यात बारीक नळ्या ओवून त्यांतून पाणी फिरवलं गेलं. माणूस, मग पाणी, मग हवा, मग सांधा, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचं कवच: निवड या क्रमाने झाली.

इथे आमचं जुनं तुणतुणं वाजणारच, वाचकांनी सांभाळून घ्यावं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीत टेक्स्टाइल ही शाखा ‘बाकी काही मिळालं नाही तर’ या रकान्यात भरली जाते, आणि मुलगा इचलकरंजीला वस्त्र-अभियांत्रिकी शिकतो म्हटलं की नातेवाईक धीर देतात. तीच मंडळी चंद्रावरच्या पाऊलखुणेचं चित्र भिंतीवर लावतात. ते पाऊल शिंप्यांनी शिवलेल्या पोशाखातलं होतं, हे त्यांना कुणीतरी कळवायला हवं.

मग कठीण पदार्थाला जागाच नाही का? आहे, पण थराथरांत आणि मोजकी. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभा कवच’मध्ये बोरॉन कार्बाइड असतं, जे अणुभट्टीच्या नियंत्रक कांड्यांत न्यूट्रॉन शोषायला वापरतात तेच. गोळीचं टोक या सिरॅमिकवर फुटतं, सिरॅमिकही तडकतं, आणि उरलेला वेग मागचे पॉलिथिलीनचे थर झेलतात. कठीण थराने तिथे मोडूनच काम करायचं असतं. गोळी अडली म्हणजे निभावलं असंही नाही: अमेरिकी मानकानुसार चाचणीत जॅकेटच्या मागे ठेवलेल्या मातीत खळगा ४४ मिलिमीटरच्या आत राहावा लागतो, कारण न घुसलेली गोळीही बरगड्या मोडते. ही समज कधीकधी पडद्यावरही दिसते. ‘आयर्न मॅन’च्याच वर्षी आलेल्या ‘द डार्क नाइट’मध्ये बॅटमॅनला मान वळवता यावी म्हणून पोशाखाचे सुटे तुकडे केले जातात आणि तो पोशाख बनवून देणारा फॉक्स त्याला तिथेच बजावतो की फटींतून सुरी आणि गोळी शिरेल. सोय घेतली, किंमत मोजली. त्या एका संवादासाठी माझं मत वटवाघळाला.

जास्त वजनदार आक्षेप यंत्रबळाचा आहे: वजन चिलखतच उचलेल, माणसाने का उचलावं? हा प्रयोगही झाला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांचे प्रमुख अ‍ॅडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी ‘टॅलोस’ नावाचा चिलखती पोशाख जाहीर केला, २०१८ च्या ऑगस्टची मुदत दिली. चित्रपटातलं चिलखत घडवणारे कारागीरही त्यात घेतले. २०१९ मध्ये पूर्ण पोशाखाचा नाद सोडला गेला आणि जमलेले सुटे भाग तेवढे पुढे नेले. अडलं ते अंगावर पेलता येईल एवढ्या वजनाच्या ऊर्जेवर, आणि माणसाच्या हालचालीशी यंत्राची हालचाल जुळवण्यावर. गोळी अडवणारा पदार्थ तर आधीपासून होताच. ताठ कवच सगळीकडे हरलं असंही मी म्हणणार नाही; आजच्या अंतराळ पोशाखांत धड ताठ असतं, कारण छातीला वाकावं लागत नाही. हातपाय कापडाचेच.

आणि सगळ्यात अवघड भाग आहे हातमोजा. सत्तावीस हाडं, वळणारा अंगठा, आणि फुगलेल्या मोज्यात मूठ मिटताना नखं निघून येतात इतकी झटापट. नासाने चांगल्या मोज्यासाठी खुली स्पर्धा ठेवली, तेव्हा २००७ चं दोन लाख डॉलरचं बक्षीस पीटर होमर या अभियंत्याने मेनमधल्या आपल्या घरी, शिलाई मशीनवर शिवलेल्या मोज्याने नेलं. स्टार्कने आपलं मुख्य शस्त्र नेमकं तळहातात बसवलं आहे, धातूच्या पंज्यात.