मणक्याचं ऑपरेशन : रक्ताची पळापळ आदल्या दिवशी नको, तयारी महिनाभर आधी हवी

उन्हाळ्यात कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं कमी, आणि रक्तपेढ्यांतला साठा आटतो. नेमकं तेव्हाच गावचा पेशंट शहरात मणक्याच्या ऑपरेशनला दाखल होतो आणि निरोप येतो, ‘दोन बाटल्या रक्ताची सोय करा.’ मग व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, भाड्याची गाडी, पोरांची पळापळ. यातली बरीच धावपळ टाळता येते.

दोन-तीन मणके स्क्रूने जोडायचे असतील तर हाडातून, स्नायूंतून रक्त झिरपत राहतं. म्हणून अंगात आधी रक्त किती, हा पहिला प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही जड जातो. महिनाभर आधी तपासणी झाली, तर कारण शोधून गोळ्या किंवा सलाईनमधून लोह देता येतं. अपघात, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, अशा वेळी मात्र थांबायचं नसतं.

ऑपरेशनमध्येही उपाय आहेत. पेशंटला पालथं झोपवताना पोटावर दाब येऊ दिला नाही तर रक्तस्राव कमी होतो. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड हे स्वस्त इंजेक्शन तयार झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने ते शोधलं. पूर्वी रक्ताची गुठळी अडकली असेल किंवा फिट येत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं. मोठ्या दवाखान्यांत सांडलेलं रक्त धुऊन पेशंटलाच परत देणारं मशीनही असतं.

दुखण्याचंही तसंच. एकाच जबर औषधावर भर न देता पॅरासिटामॉल, जखमेजवळ बधिरतेचं इंजेक्शन आणि गरजेपुरतं तीव्र औषध, असा मेळ घातला जातो. दुखणं आटोक्यात असेल तर पेशंट लवकर उठून चालतो. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या काही पेनकिलरने मात्र रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती दाखवा. मनाने बंद करू नका.

ऑपरेशनची तारीख ठरवतानाच तीन गोष्टी विचारा : हिमोग्लोबिन किती, कोणती गोळी कधी थांबवायची, रक्त खरंच लागेल का? तारखेआधी विचारलेले हे तीन प्रश्न आदल्या रात्रीच्या वीस फोनपेक्षा जास्त कामाचे.