बारीच्या गल्लीतले इवलेसे कान

दिल्लीच्या लाल किल्ल्यात १० डिसेंबर २०२५ ला युनेस्कोची बैठक चालू होती. जगभरातल्या जपून ठेवण्यासारख्या परंपरांची एक यादी असते, तिच्यात त्या दिवशी आपली दिवाळी गेली. ती बातमी आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिली. पण त्याच दिवशी, त्याच मांडवात आणखी एका गोष्टीवर शिक्कामोर्तब झालं, तिकडे आपलं फारसं लक्ष गेलं नाही. ती गोष्ट म्हणजे इटलीचा स्वयंपाक! एखादा पदार्थ नव्हे, अख्खा स्वयंपाक. नेपल्सची पिझ्झा करण्याची कला २०१७ मध्येच त्या यादीत जाऊन बसली होती. आता रविवारचं एकत्र जेवण, आजीकडून नातीकडे आलेलं कणीक मळणं, उरलेल्या अन्नातून नवा पदार्थ करणं, असं सगळंच वारसा ठरलं.

छानच झालं. पण मैत्रिणींनो, ‘घरचा स्वयंपाक’ असा शब्द कुठल्याही देशात उच्चारला, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की करतं कोण? आणि त्याचे पैसे कुणाला मिळतात?

आपल्याकडून इटलीला जाणारी मंडळी बहुतेक मे महिन्यात जातात. मुलांच्या सुट्ट्या असतात ना! रोम, पिसाचा कलता मनोरा, व्हेनिसची होडी, आणि रात्री टूरवाल्यांचा वरणभात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, पण उन्हाळ्यातली ती इटली पाहुण्यांसाठी सजलेली असते. हिवाळ्यात हा देश घरात शिरतो. जुन्या गावांच्या चौकात भाजक्या चेस्टनटचा धूर दिसतो. फ्लॉरेन्सकडे शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळपट कोबीची पानं घालून ‘रिबोल्लिता’ होते. शब्दाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेली’. आपल्या फोडणीच्या भाकरीचीच मावसबहीण म्हणा! मोदेनाला ३१ डिसेंबरच्या रात्री मसूर खायचा, कारण मसुराचे दाणे नाण्यांसारखे दिसतात, वर्षभर पैसा येतो म्हणे. सिसिलीत १३ डिसेंबरला संत लुचियाचा दिवस. १६४६ च्या दुष्काळात तिच्या कृपेने गव्हाचं जहाज बंदराला लागलं, लोकांना दळायचाही धीर नव्हता, तसेच गहू शिजवून खाल्ले, अशी कथा. म्हणून त्या दिवशी पाव नाही, पास्ता नाही, अख्ख्या गव्हाची ‘कुच्चीया’ करायची, बहुतेक ठिकाणी गोड, रिकोत्ता नावाचं ताजं मऊ चीज कालवून. सांगली-कोल्हापूरकडे खपली गव्हाची खीर करणाऱ्या बायकांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

आता बोलोन्या बघा. उत्तरेकडचं हे जुनं विद्यापीठाचं गाव. हिवाळ्यात फिरायला याच्यासारखं सोयीचं गाव नाही, कारण रस्त्यांच्या कडेने कमानींचे ओसरे आहेत, सगळे मिळून ६२ किलोमीटर! पाऊस पडो, बर्फ पडो, छत्री न उघडता गावभर हिंडता येतं. नाताळच्या आधी इथल्या घराघरांत तोर्तेल्लिनी वळायला बसतात. अंड्यात भिजवलेली कणीक लांब लाटण्याने कागदासारखी लाटायची, चिमूटभर सारण घालायचं, बोटाभोवती गुंडाळून टोकं चिकटवायची आणि कोंबड्याच्या रश्श्यात सोडायची. ती पोळी लाटणाऱ्या बाईला ‘स्फोलीना’ असा खास शब्द आहे. आपल्याकडे पुरणपोळीचा हात प्रसिद्ध असलेली एखादी काकू असते ना, तशी.

गंमत अशी, की या तोर्तेल्लिनीच्या सारणाची कृती ७ डिसेंबर १९७४ ला बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे रीतसर नोंदवली गेली. त्याआधी १९७२ मध्ये तालियातेल्ले या पट्टी-पास्त्याची रुंदी ठरली होती, शिजल्यावर बरोबर ८ मिलिमीटर. तिचा सोन्याचा नमुनाही जपून ठेवलाय. सारणात काय घालायचं याची नोंद आहे, पट्टीच्या रुंदीची आहे. लाटणारीने दिवसाला किती तास उभं राहायचं, तिच्या खांद्याचं काय, याची नोंद कुठल्या दप्तरात होत नाही.

याच भागातल्या फोर्लिंपोपोली गावचे पेल्लेग्रिनो अर्तूझी. इटलीतलं सर्वांत गाजलेलं पाकपुस्तक त्यांनी १८९१ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापलं. पण घरात प्रत्यक्ष चुलीपाशी कोण होतं? मारिएत्ता साबातिनी ही त्यांची घर सांभाळणारी, आणि फ्रांचेस्को रुफिल्ली हा स्वयंपाकी. अर्तूझींचं एक मात्र मानायला हवं. नाताळच्या गोड पावाच्या, म्हणजे पानेत्तोनेच्या एका कृतीला त्यांनी मारिएत्ताचं नाव दिलं आणि पुस्तकाचे हक्क मृत्युपत्रात या दोघांना देऊन टाकले. आज फोर्लिंपोपोलीत ‘कासा अर्तूझी’ नावाचं केंद्र आहे, २००७ मध्ये सुरू झालेलं. तिथे पोळी लाटायला शिकवणाऱ्या बायकांना ‘मारिएत्ता’च म्हणतात. बाईच्या नावाने एखादी पाटी लागायला शंभरेक वर्षं लागली, तरी लागली हे काय कमी आहे!

पण खरी गोष्ट मला सांगायचीय ती पार खालच्या टोकाची. इटलीचा नकाशा म्हणजे उंच टाचेचा बूट. त्या टाचेच्या वर, समुद्रकाठी बारी हे शहर आहे. पुल्या प्रांताची ही राजधानी. जुनी बारी म्हणजे बोळ, कमानी, वाळत घातलेले कपडे आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या बायका. इथल्या चर्चमध्ये संत निकोलसच्या अस्थी आहेत, १०८७ मध्ये बारीच्या खलाशांनी समुद्रापलीकडून आणलेल्या. हाच तो पुढे सांता क्लॉज झालेला संत. त्याची मूळ कथा ठाऊक आहे? एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या तीन थैल्या घरात टाकल्या. भेटवस्तूंचा म्हातारा मुळात हुंड्याच्या काळजीतून जन्मला तर! ६ डिसेंबरला भल्या पहाटे प्रार्थना होते आणि मग थंडीत कुडकुडत गाव गरम चॉकलेट पितं. बोळांतून मक्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या मिळतात, त्यांचं नाव स्गाल्योत्से. घरात नाताळची कार्तेल्लाते तळली जातात. पातळ पट्टीची फुलं वळून तळायची आणि आटवलेल्या द्राक्षरसात बुडवायची. आपले चिरोटे आठवावेत अशी.

आणि किल्ल्याजवळच्या ‘अर्को बास्सो’ नावाच्या बोळात ओरेकिएत्ते. ओरेकिएत्ते म्हणजे इवलेसे कान. कडक गव्हाचा रवा आणि पाणी, बस्स. अंडं नाही, कारण दक्षिणेत गरिबी, अंडं कुठून आणणार? पिठाची बोटाएवढी वळकटी करायची, सुरीने हरभऱ्यापेक्षा जरा मोठा तुकडा कापायचा, त्याच बोथट सुरीने लाकडी पाटावर ओढायचा. तो आपोआप गुंडाळतो. मग अंगठ्यावर उलटा करायचा की झाला कान. लिहायला मला जितका वेळ लागला, त्यात त्या बायका वीस-पंचवीस करतात. जाळीच्या चौकटीवर पसरून दारातच वाळवतात. लग्नघरात गव्हले, नखुले, मालत्या वळायला बसलेल्या आपल्या आज्या-आत्यांना हे कसब दुरून ओळखता आलं असतं. नखाने दाबून नखुलं आणि अंगठ्यावर उलटून कान, एवढाच काय तो फरक!

तीसेक वर्षांपूर्वी याच जुन्या बारीत पाकीटमारांच्या भीतीने लोक पाऊल टाकत नसत. आज तिथे पर्यटकांची रांग लागते, फोटो निघतात. गल्लीचं नाव सुधारण्यात या पाटावर बसलेल्या बायकांचा वाटा कमी नाही. पैसाही येऊ लागला, आणि तो हवाच होता. इटलीचे दक्षिणेकडचे प्रांत बायकांच्या नोकऱ्यांच्या बाबतीत अख्ख्या युरोपात तळाला आहेत. कारखान्यात बोलावत नाहीत, दुकानात जागा नाही, मग राहतो तो दार, पाट आणि सुरी.

पैसा आला की सरकारही येतं. २०१९ च्या शरदात तिथल्या एका हॉटेलवर तपासणी झाली. ताटातला पास्ता कुठून आला, याचा कागद नव्हता. तो गल्लीतल्या बायकांकडून घेतलेला. युरोपचा नियम असा, की हॉटेलातल्या अन्नाचा माग लागला पाहिजे. हॉटेलला दंड झाला आणि तीन किलो ओरेकिएत्ते फेकून द्यावे लागले. पर्यटकाने घरी न्यायला छोटी पिशवी घेतली तर चालेल, पण हॉटेलांना घाऊक विकायचं तर परवाना हवा, लेबल हवं. म्हणजे मग डोक्याला जाळी, प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती, वर कर. बोळात संताप उसळला. आमच्या आईने, तिच्या आईने असंच विकलं की!

पाच वर्षांनी दुसरं प्रकरण निघालं आणि ते जास्त दुखरं होतं. २०२४ मध्ये तक्रार झाली, की काही जणी कारखान्यातला पास्ता आणून ‘हाताने केलेला’ म्हणून खपवतात. कचऱ्यात कारखान्याची रिकामी खोकी सापडल्याची चर्चा झाली, वर्तमानपत्रांत मथळे आले, चौकशी लागली. काही जणींवरचा आरोप, पण संशय सगळ्याच पाटांवर बसला. जिचा हात खरा, तिच्याही पिशवीकडे लोक डोळे बारीक करून पाहू लागले.

आता यात कोणाची बाजू घ्यायची? मला विचाराल तर लेबलाच्या नियमात वाईट काही नाही. आपल्या बचतगटांच्या बायकासुद्धा पापड-लोणच्यासाठी अन्न सुरक्षेची नोंदणी करतात, पाकिटावर तारीख छापतात, आणि त्यामुळेच त्यांचा माल तालुक्याबाहेर जातो. खोटं विकणं तर वाईटच, तिथे ‘गरीब बिचाऱ्या’ म्हणून पांघरूण घालायचं कारण नाही. पण हिशेब करून पाहा. दोन हातांनी दिवसात वळून वळून किती वळणार? पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे शेजारपाजार. आता विमानं आणि मोठाली जहाजं भरभरून माणसं उतरतात, प्रत्येकाला पिशवी हवी, तीही स्वस्तात आणि आत्ताच्या आत्ता. हातांची संख्या वाढत नाही, मागणी वाढते. मधली फट कशाने तरी भरणारच, ती कारखान्याने भरली.

आणि त्या गल्लीच्या नावावर कमाई काही फक्त पाटावरच्या बाईची होत नाही. तळमजल्यावरच्या बऱ्याच खोल्या आता पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात. टूरवाले, हॉटेलवाले, पोस्टकार्डवाले सगळे तिच्याच फोटोवर पोट भरतात. ती मात्र नगावर नाही, वजनावर विकते. रवा-पाण्याच्या वजनावर! तिच्या वेळेची किंमत त्यात कुठेच धरलेली नसते.

बोलोन्यात निदान एवढं झालं, की स्फोलीना हा पगारी धंदा झाला. पास्त्याच्या दुकानांत बायका नोकरीवर लाटतात. काचेआड लाटणाऱ्या बाईचं प्रदर्शन मांडणं मला काही आवडत नाही, पण महिनाअखेरीस हातात पगार पडतो हे महत्त्वाचं. बारीच्या बायकांनी एकत्र येऊन नाव नोंदवलं, हातचा माल आणि यंत्राचा माल वेगवेगळ्या पिशवीत, वेगवेगळ्या भावाने ठेवला, तर पर्यटक जास्तीचे चार पैसे देईल असं मला वाटतं. देईलच कशाला, द्यायलाच हवेत. युनेस्कोच्या यादीमुळे इटलीला येणाऱ्यांची गर्दी वाढेल अशी तिथल्या सरकारला आशा आहे. ती वाढलेली गर्दी शेवटी याच बोळांत शिरणार. तेव्हा या पाटाचं काय करायचं, ते आत्ताच ठरवलेलं बरं.

तुमची लेक किंवा सून तिकडे असेल आणि जाण्याचा योग आलाच, तर एखादी फेरी हिवाळ्यात करा. दक्षिणेत थंडी सोसवण्यासारखी असते, स्वेटर-शाल पुरते. बारीच्या गल्लीत पिशवी घेण्याआधी दोन मिनिटं उभ्या राहा आणि वळताना बघा. हातचे कान एकसारखे नसतात, एक बाजू खरबरीत असते, एखादा वेडावाकडाही निघतो. सगळे साच्यातून काढल्यासारखे दिसले तर पुढच्या दारात जा. शाकाहारी असाल तर हा पास्ता बिनधास्त घ्या, त्यात अंडंसुद्धा नाही. हिवाळ्यात तो ‘चीमे दि रापा’ नावाच्या कडसर पालेभाजीबरोबर करतात. मोहरीच्या पाल्याच्या चवीची भाजी, पास्त्याबरोबरच उकळायची आणि वरून लसूण-मिरची परतलेलं तेल. फक्त त्या तेलात अँचोव्ही नावाचे छोटे खारे मासे विरघळवायची पद्धत आहे, वरून ते दिसतही नाहीत. तेव्हा हॉटेलात बसल्या बसल्याच सांगून टाका, ‘सेन्त्सा अच्चूगे’, म्हणजे मासे नकोत.